नुसती सही घ्यावी की ‘सप्रेम भेट’?

राजकीय भाष्यकार आणि विचारवंतांच्या पहिल्या आवृत्त्या जमवायच्या म्हटलं की हा पेच येतोच. शीर्षकपानावर नुसती सही असलेली प्रत घ्यावी, की ‘श्री. अमुक यांस सप्रेम’ असं लिहिलेली? माझ्या पाहण्यात तरी विक्रेते पहिलीला चढा भाव सांगतात. आपल्या कपाटात परक्याचं नाव कशाला, असं गिऱ्हाइकाला वाटतं. त्यात गैर काही नाही. दिसायलाही ती नेटकी.

माझं मन तिच्यावरून उडालं ते एका कटकटीपायी. एका दिवंगत संपादकांच्या लेखसंग्रहाची सहीची प्रत माझ्याकडे आहे. निळ्या बॉलपेनची तिरपी सही. ना तारीख, ना गाव. पानामागून बोट फिरवलं की दाब लागतो, म्हणजे छापील नाही एवढं नक्की. (प्रस्तावनेखाली छापलेली सही ‘ओरिजिनल’ म्हणून खपवणारेही भेटतात. भिंग जवळ ठेवा.) पण ती त्यांचीच कशावरून? प्रत हातात घेणारा प्रत्येक जण हेच विचारतो आणि मी गप्प बसतो. दोन अक्षरांचा फराटा कुणीही संध्याकाळभरात गिरवून बसवेल. चार ओळी मजकूर असला की वेलांट्यांचं वळण, शिरोरेघ देण्याची किंवा गाळण्याची सवय, तारीख लिहिण्याची तऱ्हा, सगळं ताडून पाहता येतं.

राजकीय लेखनात तर तारखेला फारच मोल. पुस्तक 1972 चं आणि भेट दिलीय 1976 मध्ये, म्हणजे आणीबाणी आणि सेन्सॉरशिप चालू असताना, तर ते कुणी कुणाला दिलं हे वाचावंसं वाटतंच. नुसत्या सहीत यातलं काही कळत नाही.

भेटप्रतींचे दोषही आहेत. रद्दीत देताना घरचे लोक संकोचापोटी नाव खोडतात, कधी ते पानच फाडतात. शिवाय बऱ्याच भेटप्रती कोऱ्या करकरीत सापडतात. ज्यांना दिल्या त्यांनी उघडल्याच नसाव्यात. संग्राहकाचं त्यात भलंच होतं म्हणा.

‘पहिली आवृत्ती’ या शब्दांवरही डोळे झाकून जाऊ नये. आंबेडकरांचं ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ 1936 मध्ये निघालं. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाची परिषद रद्द झाल्यावर न झालेलं भाषण त्यांनी स्वखर्चाने छापलं आणि 1500 प्रती दोन महिन्यांत संपल्या. गांधीजींची टीका आणि तिला दिलेलं उत्तर मात्र 1937 च्या दुसऱ्या आवृत्तीत आलं. हा वाद ज्याला हवा त्याने पहिलीच्या मागे का लागावं? सहीची प्रत तर आपल्यासारख्यांच्या खिशाबाहेरचीच.

लेखक हयात असतील तर हा प्रश्न सोपा आहे. प्रकाशन समारंभात रांगेत उभं राहून सही घ्या, पण ‘नाव, तारीख आणि गाव घालाल का?’ असं नक्की विचारा. पुढे विकायचाच विचार असेल तर नाव नको, हे मान्य. ठेवायला घेत असाल तर मी भेटप्रतीच्याच बाजूचा. खोडलेल्या नावाची प्रत तेवढी सहसा परत ठेवतो; उजेडात आडवी धरून खालची अक्षरं लागली, तर मात्र भाव विचारतो.