‘हाउ टु टेल वाइल्ड ॲनिमल्स’: दहावीच्या पुस्तकातला धडा गाइडशिवाय पुरतो का?

एनसीईआरटीच्या दहावीच्या ‘फर्स्ट फ्लाइट’मध्ये कॅरोलिन वेल्स (१८६२–१९४२) या अमेरिकन कवयित्रीची ही सहा कडव्यांची, जंगली प्राणी कसे ओळखावेत हे गमतीनं सांगणारी कविता आहे. पुस्तकाची पीडीएफ एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. कवितेखालचे प्रश्न इतके नेमके आहेत, की मुलांनी ते प्रामाणिकपणे सोडवले तर या धड्यासाठी वेगळं गाइड घ्यायची गरज नाही.

बाजारातली बरीच गाइडं ‘आयरनी’, ‘डार्क ह्यूमर’ अशी नावं लिहून पुढे जातात. विनोद घडतो कसा, हे त्यात येत नाही. इथे प्राण्याची खूण पटते तेव्हा ओळखणारा माणूसच उरलेला नसतो. मरता मरता डरकाळी ऐकू आली तर तो सिंह, पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेल्या जनावरानं खाऊन टाकलं तर तो वाघ. आणि हे सगळं अत्यंत सभ्य सुरात! वाघ माणसाला ‘ग्रीट’ करतो, अस्वलाच्या दुसऱ्या विळख्याला ‘करेस’ (कुरवाळणं) म्हटलंय. वर्गात ‘ग्रीट्स’च्या जागी ‘बाइट्स’ घालून ते कडवं वाचून दाखवा, गंमत लगेच गळून पडते.

तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा: ‘लेप्ट’ आणि ‘लेप’ ही स्पेलिंगं बरोबर आहेत का, आणि कवयित्रीनं ती अशी का लिहिली? ठरीव उत्तर येतं, ‘लय सांभाळण्यासाठी.’ हे पटत नाही. ‘लीप’ (झेप घेणं) हाही एकाच सिलॅबलचा शब्द आहे, तो घातला तरी लय बिघडत नाही. खरं कारण कानाला कळतं. ‘लेपर्ड’ या नावातच ‘लेप’ आहे. बिबट्या पुन्हा पुन्हा झेप घेतो, तेव्हा त्याच्या नावाचा पहिला तुकडाच पुन्हा पुन्हा अंगावर येतो. उत्तरात एवढं लिहिलं तरी मुलाला कविता समजली हे दिसतं.

पहिला प्रश्न ‘डायिन’ (‘डाइंग’चं बोलीरूप) आणि ‘लायन’च्या यमकाचा. तो मोठ्यानं म्हणूनच सोडवायचा, वहीत नाही. पाचव्या प्रश्नातली ‘अ नॉव्हिस माइट नॉनप्लस’ (नवख्याचा गोंधळ उडेल) ही ओळ सरळ क्रमानं ‘माइट नॉनप्लस अ नॉव्हिस’ अशी होईल. पण मग शेवटी ‘नॉव्हिस’ येतो आणि पुढच्या ‘दस’शी यमक तुटतं. वाक्य मोडून कान राखलाय, हे कविस्वातंत्र्य.

उणीव एकच, पण परीक्षेच्या दृष्टीनं महत्त्वाची: यमकरचना प्रश्नांत थेट विचारलेली नाही. ती शिक्षकांनी फळ्यावर काढून द्यावी. प्रत्येक कडव्यात पहिली-तिसरी, दुसरी-चौथी आणि शेवटच्या दोन ओळी जुळतात. पहिल्या चार ओळींत आघात साधारण चार-तीन-चार-तीन, शेवटच्या दोन्हींत चार-चार. विनोदाचा ठोसा बहुतेक कडव्यांत या शेवटच्या जोडीत बसतो, म्हणून वाचताना चौथ्या ओळीनंतर किंचित थांबावं. थांबलं नाही तर ठोसा वाया जातो.

चौथा प्रश्न आपल्या भाषेतल्या प्राण्यांच्या कल्पना विचारतो. मराठी मुलांकडे नक्राश्रू आहेत, सरड्याचं रंग बदलणं आहे, कोल्हेकुई आहे. प्रश्नात आलेल्या तरसाच्या हसण्यापाशी मात्र एक गोष्ट सांगायला हवी. हसल्यासारखा आवाज काढणारं तरस आफ्रिकेतलं ठिपकेवालं. आपल्याकडचं पट्टेरी तरस तसं हसत नाही.

शेवटच्या कडव्याला गाइडं दोन ओळींत उरकतात, तिथेच जास्त वेळ द्या. या कडव्यात कुणावर हल्ला होत नाही. शॅमेलिऑनचं, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्याचं, वर्णनही बरंचसं नकारांनी केलंय: कान नाहीत, एकही पंख नाही. आणि झाडावर काहीच दिसलं नाही तर समजायचं, तो दिसला! मुलांना याच पद्धतीनं, फक्त ‘नाही’ वापरून, एखाद्या प्राण्याच्या चार ओळी लिहायला सांगा. कडव्याची बांधणी त्यातून जितकी कळते तितकी व्याख्या पाठ करून कळत नाही.