‘सगळे ड्रायव्हर आत’ म्हणून विकलेला पेनड्राइव्ह आणि माझे २३,९५० रुपये

विंडोज आपोआप टाकणाऱ्या पेनड्राइव्हचे १,५००. चार संगणकांवर विंडोज टाकायचे प्रत्येकी ७०० म्हणजे २,८००. ‘लाइफटाइम की’चे, म्हणजे विंडोज कायमचं ॲक्टिव्हेट करणाऱ्या कोडचे, प्रत्येकी ९५० म्हणजे ३,८००. नंतर ‘की रिन्यू’ करायचे १,२००. आणि रिचार्ज-बिल भरायच्या वॉलेटमधून एका रात्रीत गेलेले १४,६५०. एकूण २३,९५० रुपये. झेरॉक्स, डीटीपी आणि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात एवढी रक्कम सुटायला किती पानं काढावी लागतात, हे हा धंदा करणाऱ्यांना सांगायला नको.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपणार अशी चर्चा जोरात होती, तेव्हा हा पेनड्राइव्ह विकणारा माणूस दुकानात आला. “ताई, त्या तारखेनंतर मशीन चालूच होणार नाहीत.” हे धादांत खोटं होतं. सपोर्ट संपला म्हणजे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबतात, संगणक बंद पडत नाही. पण फॉर्म भरायचा हंगाम तोंडावर असताना दुकानदाराला ही भीती घालणं सोपं असतं आणि ते त्याला नेमकं ठाऊक होतं.

तुम्ही म्हणाल, विंडोजचा पेनड्राइव्ह मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून फुकट बनवता येतो, मग विकत कशाला घेतलास? बनवला होता. माझ्या भाच्याने साध्या पेनड्राइव्हवरून दुकानातल्या लॅपटॉपवर विंडोज टाकायला घेतलं, तर एसएसडीच, म्हणजे आतली डिस्कच, दिसेना. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या बऱ्याच लॅपटॉपला व्हीएमडीचा, म्हणजे एसएसडी हाताळणाऱ्या इंटेलच्या यंत्रणेचा, वेगळा ड्रायव्हर (तो भाग चालवणारं सॉफ्टवेअर) द्यावा लागतो. तो नसला तर इन्स्टॉलर ‘ड्राइव्ह सापडत नाही’ म्हणून तिथेच थांबतो. या माणसाने त्याचा पेनड्राइव्ह लावला आणि एसएसडी लगेच दिसली. वायफाय, टचपॅड, प्रिंटर, सगळं आपोआप बसलं. डोळ्यांसमोर काम झालेलं पाहिल्यावर कोणी शंका घेतली असती? मी बारा वर्षं हे दुकान चालवतेय, कुठल्याही लिंकवर बोट ठेवणारी बाई मी नाही.

आणि तरीही तो क्षण माझ्यासमोर घडला. विंडोजने भाषा विचारली नाही, नाव विचारलं नाही, की विचारली नाही, थेट डेस्कटॉप आला. मग एक काळी खिडकी उघडली, भराभर ओळी सरकल्या, खिडकी मिटली. डेफेंडरने, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसने, लाल इशारा दिला. मी विचारलं, “हे काय?” तो म्हणाला, “ॲक्टिव्हेटर आहे ताई, अँटिव्हायरसला ते असंच वाटतं,” आणि माझ्या देखत त्याने त्या ॲक्टिव्हेटरचा फोल्डर डेफेंडरच्या अपवादांत, म्हणजे तपासायचंच नाही अशा यादीत, टाकला. लॅपटॉप घेतला तेव्हा त्यात विंडोज होम होतं, आता पडद्यावर प्रो लिहिलेलं होतं. लाल इशारा, काळी खिडकी, होमचं झालेलं प्रो, तिन्ही गोष्टी एकाच मिनिटात. रोज रात्री शटर ओढताना तेच मिनिट आठवतं. पण त्या वेळी दुकानात माणसं ताटकळली होती, एकीचा फॉर्म त्याच संध्याकाळी बंद होणार होता.

आपोआप इन्स्टॉल होणं यात काही जादू नाही. पेनड्राइव्हमध्ये ‘ऑटोअनअटेंड’ (autounattend.xml) नावाची एक्सएमएल फाइल असते. सेटअपच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं तीच देते: डिस्क कशी पुसायची, खातं कोणतं, की कोणती. आणि पहिल्या लॉगिनला कोणते आदेश चालवायचे, तेही तिच्यातच. ते आदेश ॲडमिनच्या अधिकाराने चालतात. अनोळखी माणसाची अशी फाइल वापरणं म्हणजे दुकानाची किल्ली त्याच्या हातात देणं. ही फाइल नोटपॅडमध्ये उघडते. विकत घेतलेल्या पेनड्राइव्हवरून विंडोज टाकण्याआधी ती वाचा. वाचायला येत नसेल तर टाकूच नका.

‘लाइफटाइम की’ काय होती ते मार्चमध्ये कळलं. ‘विंडोज ॲक्टिव्हेट करा’ असा संदेश आला. त्याने १,२०० घेतले आणि लांबून स्क्रीन ताब्यात घेऊन तो संदेश घालवला. त्यानंतर थोड्याच दिवसांत वॉलेट रिकामं झालं, सगळे पैसे अनोळखी नंबरांच्या रिचार्जमध्ये. पासवर्ड ब्राउझरमध्ये सेव्ह होता. चोवीस तास गिऱ्हाईक समोर असताना दर वेळी पासवर्ड टाइप करत कोण बसतं?

मोठ्या कंपन्यांच्या केएमएस पद्धतीचं ॲक्टिव्हेशन १८० दिवसांचं असतं आणि पुन्हा पुन्हा नवं करावं लागतं. आत्ताच कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘slmgr /xpr’ चालवा. तिथे संपण्याची तारीख दिसली, तर तुमची ‘लाइफटाइम’ही तसलीच. लॅपटॉपसोबत आलेल्या विंडोजची की विंडोज ८च्या काळापासून बायोसमध्येच, म्हणजे मदरबोर्डवरच्या चिपमध्येच, असते. भाच्याने साध्या पेनड्राइव्हवरून होम टाकलं, व्हीएमडीचा ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून घेतला आणि ॲक्टिव्हेशन आपोआप झालं. माझ्या मालकीची वस्तू काढून त्याने मला चोरीची विकली होती, ९५० रुपयांना!

आता तक्रारीचं ऐका. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, तक्रारीचा नंबर मिळाला आणि ‘रिचार्ज वापरून झालंय’ हे उत्तर. वॉलेटवाले म्हणाले, व्यवहार तुमच्याच आयडीवरून, तुमच्याच संगणकावरून झाला, जबाबदारी तुमची. पोलीस ठाण्यात मला विचारलं, “मॅडम, पायरेटेड विंडोज तुम्हीच घेतलंत ना?” मी कीचे पैसे मोजले होते! यूपीआयची नोंद दाखवली, त्यात त्याचं नाव आहे, नंबर आहे. तरी पक्कं बिल मागितलं. आयटी कायद्याच्या कलम ७८ नुसार तपास निदान पोलीस निरीक्षक दर्जाचा अधिकारीच करणार आणि साहेब बंदोबस्तावर. सायबर पोलीस ठाण्यात जा म्हणाले. सायबरने रक्कम ऐकून पुन्हा ठाण्यात पाठवलं. संगणकात असलं काही घुसवणं आयटी कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. हे मी त्यांना वाचून दाखवलं. ठाणे अंमलदाराने साधा अर्ज लिहून घेतला आणि पोच दिली. चौदा हजारांचा गुन्हा नोंदवायला यांना कमीपणा वाटतो, आणि असे चौदा-चौदा हजार गोळा करत तो माणूस गावभर फिरतोय.

ठाण्यात गुन्हा घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवता येतं, त्यांनीही दाद दिली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. माझा अर्ज स्पीड पोस्टाने गेला आहे. तुम्हीही असा पेनड्राइव्ह घेतला असेल तर आधी दुसऱ्या संगणकावरून सगळे पासवर्ड बदला. डेफेंडरच्या अपवादांच्या यादीचा फोटो काढा, मगच मशीन फॉरमॅट करा. आणि तो पेनड्राइव्ह मात्र फॉरमॅट करू नका, टाकूनही देऊ नका. त्यातली ती फाइल हाच पुरावा आहे, आणि माझ्या एकटीच्या पुराव्यावर हे लोक हलत नाहीत.