नऊ दारे, सहा शेवट: '९९९'सोबतचे सहा महिने

'नाइन अवर्स, नाइन पर्सन्स, नाइन डोअर्स', अर्थात '९९९', हा २००९ साली निन्टेन्डो डीएस या दोन पडद्यांच्या, हातात धरून खेळायच्या यंत्रावर आलेला, कथा वाचत आणि कोडी सोडवत खेळायचा जपानी व्हिडिओ गेम. मी तो २०१७ च्या 'झिरो एस्केप: द नॉनरी गेम्स' या संचातून संगणकावर खेळलो आणि गेले सहा महिने अधूनमधून त्याकडे परतत राहिलो. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसलो असतो, तर हा अभिप्राय बराच कडवट झाला असता.

एका जहाजावर नऊ जण कोंडले गेले आहेत, प्रत्येकाच्या मनगटावर १ ते ९ यांपैकी एक आकडा आहे आणि बाहेर पडायला नऊ तास आहेत. क्रमांक लिहिलेल्या दारातून एका वेळी तीन ते पाच जणांनाच जाता येते, तेही त्यांच्या आकड्यांचे 'डिजिटल रूट' त्या क्रमांकाशी जुळले तरच. बेरीज एकअंकी होईपर्यंत अंक मिळवत राहायचे, इतकाच त्याचा अर्थ. १, ४ आणि ६ एकत्र आले तर ११, म्हणजे १ आणि १ मिळून २. आत गेल्यावर ८१ सेकंदांत मृत्यूची उलटगणती थांबवणारे यंत्र सापडले नाही, तर मृत्यू ठरलेला.

या नियमाने मला कथेइतकेच गुंतवले. कागदावर मांडून पाहिले तेव्हा लक्षात आले, की ९ हा आकडा कोणत्याही गटात मिसळला तरी गटाचे उत्तर बदलत नाही. तो माणूस फक्त जागा अडवतो. निवड करायला लागणारी दारे आधी ४ आणि ५, मग ३, ७ आणि ८, आणि शेवटी १, २ आणि ६ अशी येतात. त्या त्या टप्प्यावरचे क्रमांक मिळवले, तर तिन्ही वेळा उत्तर नऊच येते. हे गेम खेळाडूला समजावून सांगत बसत नाही, आणि ज्याला आकडेमोडीचा कंटाळा आहे त्याचे त्यावाचून काही अडतही नाही.

पर्यायांबद्दल मात्र माझी सुरुवातीला तक्रारच होती. कोणत्या दारामागे काय आहे, याचा कसलाही सुगावा नसताना दार निवडायचे आणि चारपाच तासांच्या वाचनानंतर कोणाच्या तरी हातून मरायचे, याला निवड कसे म्हणावे? एकूण सहा शेवट आहेत आणि बरेचसे वाईट आहेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या शेवटानंतर माझे मत बदलले. वाईट शेवट ही इथे चुकीबद्दलची शिक्षा नसून पुढच्या फेरीची शिदोरी असते. एका वाटेवर कळलेली गोष्ट दुसऱ्या वाटेवर उपयोगी पडते, आणि तसे का व्हावे, याचे उत्तर कथेनेच दिले आहे. ते इथे फोडणे अन्यायाचे होईल. डीएसवर दर वेळी सुरुवातीपासून खेळावे लागे, सोडवलेली कोडी पुन्हा सोडवावी लागत; नव्या संचात कथेच्या फांद्यांचा नकाशा आहे आणि पाहिलेल्या टप्प्यावर थेट उडी मारता येते. सोय मोठी आहे, पण नकाशावरच्या रिकाम्या चौकटी पाहून पुढे काहीतरी दडले आहे हे आधीच समजते, एवढे नुकसान मला जाणवले.

खोल्यांमधली कोडी मध्यम अवघड आहेत. स्वयंपाकघर, शस्त्रक्रियेची खोली, कॅप्टनची खोली, ग्रंथालय अशा जागांतून किल्ल्या, आकडे आणि चिन्हे जुळवायची असतात. एके ठिकाणी सोळाच्या पायाची अंकपद्धतीही शिकावी लागते. अडकल्यास सोबतची पात्रे इतकी उघड सूचना देतात, की शेवटी उत्तरच सांगून टाकतात. शिवाय ८१ सेकंदांची ती भीती केवळ मजकुरात आहे, खेळाडूच्या डोक्यावर कसलेही घड्याळ टिकटिकत नाही. म्हणूनच जीव धोक्यात असताना पात्रे ग्लिसरिनच्या स्फटिकांवर निवांत गप्पा मारतात, तेव्हा पहिल्यांदा हसू आले. त्या गप्पा निरर्थक नाहीत, हे फार उशिरा कळते.

संवादांत पुनरुक्ती आहे, हे मान्य करावे लागेल. एकच धक्का तीन वाक्यांत सांगायची लेखनाला खोड आहे, आणि काही भावुक प्रसंग लांबले आहेत.

नव्याने सुरू करणाऱ्याला एकच आग्रहाची सूचना करेन. या संचात 'अॅडव्हेंचर' आणि 'नॉव्हेल' असे वाचनाचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात प्रामुख्याने संवाद दिसतात, तर दुसऱ्यात वर्णनाचा मजकूरही येतो. मी वेळ वाचवण्यासाठी पहिला निवडला आणि शेवटच्या प्रसंगाचा निम्मा अर्थ हुकला. डीएसवर हे दोन्ही मजकूर वरच्या आणि खालच्या अशा दोन वेगळ्या पडद्यांवर येत आणि ती विभागणी कथेचाच भाग होती, हे कळल्यावर चौथ्या महिन्यात मी गेम जिथून सुरू होतो ती केबिन पुन्हा उघडली आणि या वेळी 'नॉव्हेल' प्रकारात एकही ओळ न गाळता वाचत गेलो.