जाड नायट्राइल हातमोजे आणि फेंडर कव्हर : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गाडीची बरीचशी कामे मी स्वतःच करतो. गेले काही महिने त्यासाठी खडबडीत पकडीचे जाड नायट्राइल (एक प्रकारचे कृत्रिम रबर) हातमोजे आणि खालून जलरोधक थर असलेले फेंडर कव्हर, म्हणजे काम करताना चाकावरच्या पत्र्याचा रंग जपण्यासाठी अंथरायचे आच्छादन, वापरत आहे. दोन्ही वस्तू मी पुन्हा घेईन. मात्र कोणत्या द्रवापुढे त्या किती टिकतात हे समजून घेतल्याशिवाय त्यांच्यावर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लॅटेक्स खनिज तेलाने फुगते आणि फाटते, तर नायट्राइल इंजिन ऑइल व ग्रीसला चांगले तोंड देते. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये ज्वलनातून आलेली कर्करोगकारक संयुगे साचलेली असल्यामुळे ते त्वचेवर वारंवार लागू न देणे केवळ स्वच्छतेपुरते महत्त्वाचे नाही. सुमारे 0.1 मिलिमीटर जाडीचे हातमोजे होज क्लॅम्पच्या (रबरी नळी आवळणाऱ्या पट्टीच्या) कडेला लागून सहज फाटत. दुप्पट जाडीचे बरेच टिकतात आणि तरीही लहान नट बोटांना नीट जाणवतो. ब्रेकचे भाग साफ करण्याच्या फवाऱ्यापुढे, म्हणजे ब्रेक क्लीनरपुढे, मात्र नायट्राइल हतबल आहे. त्यात ॲसिटोन असेल तर हातमोजा लवकरच मऊ पडून फुगतो, आणि द्रव आत शिरला की तो त्वचेला चिकटून राहतो, जे उघड्या हातापेक्षाही वाईट. म्हणून असा फवारा अंगावर आला की मी जोडी लगेच बदलतो.

गाडीच्या रंगाचा खरा शत्रू ब्रेक ऑइल, म्हणजे ब्रेकच्या यंत्रणेतील द्रव, आहे. त्याच्या डॉट 3, डॉट 4 आणि डॉट 5.1 या प्रकारांतील ग्लायकॉल ईथर क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, मऊ करते; डाग तसाच राहिला तर रंग फुगून सुटतो. सिलिकोनवर आधारलेले डॉट 5 रंगाला तसे खात नाही, पण ज्या गाडीसाठी ते सांगितलेले नाही तिच्यात ते घालून चालत नाही. त्यामुळे ब्रेक ब्लीड करताना (नळ्यांतील हवा काढताना) किंवा मास्टर सिलिंडरची, म्हणजे ब्रेक ऑइलची, टाकी भरताना कव्हर अंथरणे मी अनिवार्य मानतो. नुसत्या कापडी कव्हरवर माझा अजिबात विश्वास नाही, कारण ते सांडलेले ऑइल शोषून नेमके रंगावरच धरून ठेवते. जलरोधक थराच्या कव्हरवर थेंब पडले तरी कव्हर काढून धुतलेले बरे. रंगावर थेंब गेलाच तर कोरड्या फडक्याने घासू नये, तो पसरतो. हे द्रव पाण्यात मिसळते, म्हणून ताबडतोब भरपूर पाणी ओतावे. पाण्याने भरलेली बाटली मी हाताशीच ठेवतो, आणि मला ती कव्हरइतकीच मोलाची वाटते.

कव्हरमध्ये दोन उणिवा आहेत. ते जागेवर धरून ठेवणारे चुंबक ॲल्युमिनियमच्या किंवा प्लास्टिकच्या फेंडरला धरत नाहीत. शिवाय ते लोखंडाचा बारीक कीस ओढून घेतात आणि तोच कीस रंगावर चरे पाडतो. प्रत्येक वेळी चुंबकाची बाजू पुसून आणि फेंडर धुऊनच कव्हर अंथरावे लागते, हे काम कंटाळवाणे असले तरी टाळता येत नाही.

बॅटरीतील सल्फ्युरिक ॲसिडसाठी हातमोज्यांबरोबर चष्माही हवाच. रंगावर सांडलेले ॲसिड मी खाण्याच्या सोड्याच्या द्रावणाने शमवून पाण्याने धुतो. त्वचेवर उडाल्यास मात्र सोडा न लावता बराच वेळ वाहत्या पाण्याखाली धरावे. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, रंगाला तितका घातक नाही, पण त्यातील इथिलीन ग्लायकॉल विषारी आणि चवीला गोड असल्याने मुले व जनावरे येण्याआधी जमीन पुसून घ्यावी.