चियांग माईतलं स्वस्त घर आणि आमचे १,४५,००० बाट

आधी आकडे. थायलंडमध्ये घर देतो म्हणून एका मराठी माणसानं आमच्याकडून घेतलेले. घरभाडं आणि डिपॉझिट मिळून १,१७,००० बाट. ते भारतात रुपयांत दिले, २,८६,६५० रुपये. जुन्या स्कूटरचे २८,००० बाट इथं रोख, हातात. एकूण १,४५,००० बाट. पावती म्हणाल तर व्हॉट्सॲपवर आलेला एक अंगठा.

निवृत्त होऊन थायलंडला राहायला येणाऱ्यांना एजंट कसे गाठतात ते सगळ्यांना माहीत आहे. 'तुमच्या खात्यात आठ लाख बाट आम्ही तात्पुरते दाखवतो, शिक्का मारून आणतो, तुम्ही फक्त पासपोर्ट द्या.' त्या भानगडीत मी पडलो नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण आमच्या नातेवाइकांत 'परदेशी जाऊन भोळसटासारखे फसले' अशी वाक्यं फिरताहेत. मी पाटबंधारे खात्यात हयात घालवली आहे, कंत्राटदारांची बिलं तपासली आहेत. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला इथल्या मुक्कामाची मुदत वर्षानं वाढवून हवी असेल तर ८,००,००० बाट अर्जाच्या आधी दोन महिने खात्यात पडून असावे लागतात, मंजुरीनंतर तीन महिने हलवता येत नाहीत, आणि पुढंही ४,००,००० च्या खाली गेलेले चालत नाहीत. दुसरा मार्ग महिन्याला ६५,००० बाट उत्पन्नाचा. माझी पेन्शन ४६,२०० रुपये, त्याचे वीस हजार बाटसुद्धा होत नाहीत. म्हणून ग्रॅच्युइटी आणि विकलेल्या पेन्शनचा पैसा बँकेमार्फत रीतसर आणून माझ्याच नावावर ठेवला. त्याला कुणाला हात लावू दिला नाही. आम्हाला घर देणाऱ्या या पठ्ठ्यानंही ती 'सोय' सुचवली होती, मी सरळ नाही म्हटलं. तो हसून म्हणाला, "काका, तुम्ही फार हुशार."

तो आमच्याच जिल्ह्याकडचा. बोली तीच, शिव्यासुद्धा त्याच. नोव्हेंबर २०२४ मध्ये आम्ही आलो तेव्हा एका गेस्टहाऊसमध्ये उतरलो होतो आणि जुन्या शहरालगतच्या मोठ्या बाजारात, कात लुआंगला, तूरडाळ शोधत फिरत होतो. तिथं त्यानं मराठी ऐकून हाक मारली. दोन दिवसांनी कढीपत्त्याची जुडी घेऊन दारात हजर. हिला काकू, मला काका. आमटी-भात ओरपून जेवला आणि जाताना म्हणाला, "काकू, माझ्यासाठी एखादी मुलगी बघा की आपल्याकडची. इथं एकट्यानं कंटाळा येतो." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

त्यानं स्वतःचं म्हणून दाखवलेलं घर चियांग माईलगतच्या हांग दोंगच्या बाजूला. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं पपईचं झाड. भाडं ९,०००. वर्षाचं एकदम दिलं तर एक महिना माफ, म्हणजे ९९,०००, वर दोन महिन्यांचं डिपॉझिट १८,०००. आमचा सगळा महिना २४,००० बाटच्या आत बसवायचा होता, त्यात हजार-पाचशेसुद्धा मोठे. वर्षाचं भाडं एकदम देऊन सूट घेणं हा काही मूर्खपणा नव्हे, इथं पुष्कळ जण घेतात. फक्त ते मालकाला देतात.

पैसे देतानाही त्यानं आमची काळजीच वाहिली. परदेशी कार्डानं एटीएममधून काढले की इथली बँक तेव्हा दर खेपेला २२० बाट कापायची, आपली बँक वेगळं कापते, शिवाय दरात मारते. "तुम्ही भारतात माझ्या भाच्याच्या खात्यावर टाका, मी बाटला २.४५ रुपयांनं धरतो." बँकेचा दर त्याहून चढा होता. हिशेब करून पाहिला, दहा-बारा हजार रुपये वाचत होते. टाकले. ज्याला यात लोभ दिसतो त्यानं आधी पेन्शनवर दोन देशांत संसार करून दाखवावा.

आता ते वीजबिल. त्याचा विचार आला की आजही झोप उडते.

डिसेंबरअखेरीस फाटकाच्या डब्यात बिल आलं, ६४२ बाट. इथं वीजबिल सेव्हन इलेव्हनच्या काउंटरवर भरता येतं. रांगेत उभं राहून मी सहज मोबाईलचा कॅमेरा धरला, थाई अक्षरांचं भाषांतर करून देतो तो. ग्राहक म्हणून नाव बाईचं. आमच्या घरमालकाचं नाही. तिथूनच फोन लावला. तो क्षणभरही अडखळला नाही, "अहो काका, ते सासूबाईंचं नाव. सगळं त्यांच्याच नावावर असतं इथं." मी बरं म्हटलं, ६४२ मोजले, ५८ परत घेतले. बाहेर आल्यावर ही म्हणाली, "सासूबाई? लग्न झालं नाही म्हणाला होता ना?"

मी काय म्हणालो असेन? "असेल काहीतरी. तुला काय करायच्यात नसत्या चौकशा?"

बाईमाणसाला शंका आली आणि मी ती उडवून लावली, हे आता मुलगा दर फोनला ऐकवतो. पण मला सांगा, सांगलीत आमच्या घराचं वीजबिल माझ्या आजोबांच्या नावावर येत होतं. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली तरी येत होतं, आणि आम्ही भरत होतो. बिलावरचं नाव आणि घराचा मालक एकच असला पाहिजे असं ज्यानं आयुष्यात कधी पाहिलं नाही त्याला त्यात खोट कशी दिसावी? तरीही थायलंडमध्ये भाड्यानं घर घेणाऱ्यांना सांगतो: वीजबिल मागा. जुनं मागा. नाव वाचा. नाव वेगळं निघालं तर सासूबाईंना प्रत्यक्ष भेटा.

पाणी खरं मुरत होतं ते टीएम ३० या फॉर्ममध्ये. परदेशी माणूस राहायला आला की चोवीस तासांत घरमालकानं इमिग्रेशनला कळवायचं असतं, कायदाच आहे. गेस्टहाऊसवाल्यानं आम्ही उतरलो तेव्हाच केलं होतं, त्यामुळं पहिल्या तीन महिन्यांच्या व्हिसाला अडलं नाही. या घराची नोंद कधी करणार विचारलं की याची वेबसाइट बंद, कधी पासवर्ड विसरला, कधी "काका, खेड्याच्या बाजूला कुणी विचारत नाही". विचारतात. एप्रिलच्या सुरुवातीला वर्षाच्या मुदतीसाठी कागद घेऊन गेलो, खात्यात आठ लाख, बँकेचं पत्र, फोटो, १,९०० बाट फी, सगळं जागच्या जागी. खिडकीतल्या बाईंनी कागद चाळले आणि विचारलं, घराची नोंद कुठं? मालकाला फोन लावा. लावला. स्विच ऑफ. मग ताबियन बान दाखवा, म्हणजे घराच्या नोंदणीचं निळं पुस्तक. आमच्या करारनाम्याला ना त्याची प्रत जोडलेली, ना मालकाच्या ओळखपत्राची. इंग्रजीत टाइप केलेले चार कागद आणि खाली त्याची झोकदार सही. व्हिसाची मुदत संपत आलेली. इथं मुदतीबाहेर राहिलं तर दिवसाला ५०० बाट दंड, २०,००० पर्यंत. आमची पाचावर धारण बसली.

त्याच आठवड्यात खरी मालकीण दारात उभी राहिली. हा तिचा भाडेकरू होता. महिना ७,००० देत होता, फेब्रुवारीपासून तेही बंद. तिला वाटत होतं घरात तोच राहतो. ओट्यावर लुगड्याच्या घड्या पाहून ती बिचारी आमच्याहून जास्त गोंधळली. बाई भली निघाली. आम्हाला बाहेर काढलं नाही, थेट ७,००० नं राहू दिलं. डिपॉझिट धरून २१,००० तिथल्या तिथं मोजले, कारण तिचाही यात काय दोष? टीएम ३० तिनं मोबाईलवर भरलं, चहा निवायच्या आत. उशिराचा ८०० बाट दंड मी दिला. मुदत वाढून मिळाली.

एवढ्यावर थांबलं असतं तरी गिळलं असतं. पण पुढं जे सरकारी दारांवर घडलं त्यानं खरी आग होते.

आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात गेलो. इंग्रजी कुणाला येईना, दुभाषा आणा. आणला, २,५०० बाट. पर्यटक पोलिसांना ११५५ वर फोन केला, ते इंग्रजीत फार गोड बोलले आणि त्याच ठाण्यात परत पाठवलं. ठाण्यात सांगितलं, तुमचं भाड्याचं भांडण, दिवाणी मामला. मी म्हटलं, अहो जो मालकच नाही त्यानं मालक म्हणून पैसे घेतले, हे भांडण कसलं? मग सोंगक्रानचा सण आला, १३ ते १५ एप्रिल, सगळा देश एकमेकांवर पाणी उडवतोय. नंतर या. नंतर गेलो तेव्हा एकानं वहीत लिहून घेतलं, शिक्का मारलेली प्रत दिली. मी ती प्लास्टिकच्या पाकिटात घालून घरी आणली. तक्रार नोंदली गेली म्हणून हिनं त्या दिवशी शिरा केला.

ती तक्रार नव्हतीच! ती नुसती दैनंदिनीतली नोंद, बन्तुक प्रचाम वान म्हणतात तिला. आपल्याकडे एनसी (अदखलपात्र नोंद) घेऊन वाटेला लावतात त्यातलाच प्रकार. गुन्हा चालवा अशी मागणी करणारी तक्रार वेगळी, ती रोंग थुक. ती आपण स्पष्ट शब्दांत मागावी लागते, आणि कागदावर तसं लिहिलंय की नाही हे सही करायच्या आधी थाई वाचणाऱ्या माणसाकडून बघून घ्यावं लागतं. हे मला जुलैअखेरीस वकिलानं सांगितलं, ३,००० बाट घेऊन. सोबत हेही सांगितलं की साध्या फसवणुकीचा गुन्हा, कलम ३४१, हा तडजोडीचा गुन्हा आहे. फसवणूक आणि फसवणारा कळल्यापासून तीन महिन्यांत तक्रार दिली नाही तर हक्कच जातो. आम्हाला एप्रिलच्या सुरुवातीला कळलेलं. 'पुढच्या आठवड्यात या', 'साहेब सुट्टीवर आहेत', 'वहीत आहे ना तुमचं' ऐकत तीन महिने कधीच सरले होते. ठाण्यातल्या एकाही माणसाला हे माहीत नव्हतं? मला नाही पटत. दिवाणी दावा अजून लावता येईल, त्याचे ४०,००० बाट लागतील असं तोच वकील म्हणाला. ज्याचा पत्ता नाही त्याच्यावर.

भारतातली तऱ्हा आणखी न्यारी. पैसे तिथल्या खात्यात गेलेले, खात्याचा नंबर माझ्याकडे, बँकेचा उतारा माझ्याकडे. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर मुलानं फोन केला. पैसे गेल्या गेल्या फोन केला तर पुढं सरकायच्या आत अडवता येतात, आमचे जाऊन चार महिने झालेले. पोर्टलवर तक्रार घेतली, ती फिरत फिरत जिल्ह्यात आली आणि तिथून उत्तर आलं की तुम्ही स्वतःहून पाठवलेत, ओटीपी कुणी घेतला नाही, हा देवाणघेवाणीचा वाद. पोलीस ठाण्यात मुलगा गेला तर गुन्हा परदेशात घडला म्हणे. थायलंडचे म्हणतात पैसे भारतात दिले, भारतातले म्हणतात घर थायलंडमध्ये. झिरो एफआयआर नावाची गोष्ट नव्या कायद्यात लिहिलेली आहे, हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून पुढं पाठवायचा. मुलानं तो कागद छापून नेला. समोरच्या साहेबांनी तो वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, "वडिलांना म्हणावं, रुपये इथं देऊन तिथले व्यवहार मिटवले, याला हवाला म्हणतात. गुन्हा नोंदवायचा तर तेही लिहावं लागेल." म्हणजे फसलेला मी, आणि दरडावणी मलाच. बँक म्हणते खातेदाराची माहिती गोपनीय. 'भाचा' फोनवर म्हणाला, मामाला ओळखतो पण कुठं असतात माहीत नाही. मामाला!

दर वाचवायला कुणी तिसऱ्याच्या खात्यात रुपये टाकायला सांगितले तर तिथंच उठा. दहा हजार वाचतात आणि तक्रार करायचं तोंड जातं. बँकेतून भाड्याच्या नावानं मालकाच्या इथल्या खात्यात गेलेला पैसा दोन्ही देशांत पुरावा म्हणून दाखवता तरी येतो.

स्कूटरचं तर लिहायचंच राहिलं. २८,००० दिले, हिरवं पुस्तक, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं, 'नावावर करायला दिलंय'. पुस्तक आलंच नाही. गाडी कुणाची ते आम्हाला अजून ठाऊक नाही, म्हणून ती मालकिणीच्या पत्र्याखाली उभी आहे आणि आम्ही ३० बाट देऊन सोंगथ्यूनं, म्हणजे बाकं बसवलेल्या शेअर पिकअपनं, बाजारात जातो. हिरवं पुस्तक हातात पडल्याशिवाय एक बाट सोडू नका. घराच्या करारावर मालकाची सही, निळ्या पुस्तकाची आणि ओळखपत्राची सही केलेली प्रत, आणि टीएम ३० ची पावती राहायला गेल्या दिवशीच. 'उद्या करतो' म्हणाला की घर बघायला दुसरीकडं निघा. तो मराठी बोलतो म्हणून तर दुप्पट तपासा, कारण थाई घरमालकाकडून मी हे सगळं मागितलंच असतं.

गेल्या महिन्यात त्याची नवी जाहिरात एका ओळखीच्यानं पाठवली. हांग दोंगमधलं घर, मराठी कुटुंबाला प्राधान्य, वर्षाचं भाडं एकदम दिल्यास सूट. फोटो आमच्याच ओट्याचा, भाडं आता १०,०००. नंबर अर्थात नवा. कुणी आधीच भरले असतील तर फसवणूक कळली त्या तारखेपासून तीन महिने मोजा, थाई येणारा माणूस बरोबर घ्या, रोंग थुकच मागा, आणि मला कळवा. दोन तक्रारदार असले तर ठाण्यात निदान खुर्ची तरी देतील.