प्रीमियर पद्मिनीला इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग : पुण्यातील एका गॅरेजच्या कामाचे परीक्षण

नऊशे किलोंच्या घरातील पद्मिनीला पॉवर स्टिअरिंग कशाला, हा प्रश्न रास्त आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त होईपर्यंत मुंबईच्या चालकांनी ही गाडी केवळ मनगटाच्या बळावर वळवली. परंतु मूळ अरुंद टायरांच्या जागी रुंद रेडियल टायर आले आणि चालवणाऱ्याच्या खांद्यांचेही वय झाले, की उभ्या गाडीत स्टिअरिंगचे चाक फिरवणे ही शिक्षा ठरते. म्हणून मारुतीच्या एका छोट्या गाडीचा स्टिअरिंग कॉलम, म्हणजे चाकापासून खाली जाणारा दांडा आणि त्याचे कवच, चाक फिरवायला मदत करणाऱ्या विजेच्या मोटारीसह पद्मिनीत बसवून घेतला. ते काम कसे झाले, याविषयी हे लिहीत आहे.

या गॅरेजची पहिली जमेची बाजू म्हणजे त्यांनी काम लगेच अंगावर घेतले नाही. गाडी जॅकवर उचलून त्यांनी किंगपिनपर्यंत (पुढची चाके ज्या खिळीभोवती वळतात तिथपर्यंत) ग्रीस पोचते का हे तपासले, स्टिअरिंग बॉक्समधील (कॉलमचे फिरणे चाकांकडे पोचवणाऱ्या गियरच्या पेटीतील) तेल आणि प्ले, म्हणजे ढिलेपणा, पाहिला, आणि टाय रॉडचे (चाकांना वळवणाऱ्या दांड्याचे) दोन जॉइंट बदलल्याशिवाय पुढे जाणार नाही असे स्पष्ट सांगितले. सुकलेल्या किंगपिनमुळे जड झालेले स्टिअरिंग मोटारीने हलके वाटू लागते खरे, पण त्यामुळे मूळ दुखणे झाकले जाते. केवळ या तपासणी-दुरुस्तीनंतरच चाक पुष्कळ हलके झाले होते. काही मालकांचे काम तेवढ्यावरही भागेल.

कॉलमवरच मोटार बसवण्याची ही पद्धत सुझुकीनेच १९८८ मध्ये सर्व्हो या छोट्या गाडीत प्रथम बाजारात आणली. तिला पंप, पट्टा किंवा तेलाच्या नळ्या लागत नाहीत आणि इंजिनाच्या खोलीत काहीही हलवावे लागत नाही, म्हणून जुन्या गाडीसाठी ती सोयीची. अडचण येते ती डॅशबोर्डखाली. पद्मिनीचा गियरचा दांडा स्टिअरिंगवरच असल्यामुळे गियरची नळी कॉलमच्या सोबतीने खाली उतरते, आणि नेमक्या त्याच जागेवर मोटारीचा फुगीर भाग हक्क सांगतो. अनेक ठिकाणी अशा वेळी गियर जमिनीवर आणण्याचा सल्ला मिळतो. तसे केले तर पद्मिनी चालवण्याची निम्मी मजाच संपली! या कारागिरांनी मोटार थोडी तिरपी फिरवून गियरच्या नळीसाठी वेगळा आधार तयार केला. दुसरा गियर सुरुवातीला अडकत असे. नळीची लांबी जुळवून दिल्यावर ती तक्रार राहिली नाही.

खरी पारख खालच्या शाफ्टच्या कामात होते. नवा कॉलम आणि जुना वर्म पद्धतीचा स्टिअरिंग बॉक्स एका रेषेत येत नसल्याने मध्ये दोन युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे कोनातही फिरणे पुढे नेणारे सांधे, लागतात. कोनात चालणारा एकटा जॉइंट फिरण्याचा वेग एकसारखा ठेवत नाही. दोन्ही कोन सारखे असतील आणि मधल्या शाफ्टवरचे दोन्ही काटे (जॉइंटचे दुहेरी फाटे) एकाच पातळीत असतील, तरच एकाचा दोष दुसरा भरून काढतो. काटे चुकीचे बसले तर चाक एका फेरीत कधी हलके, कधी जड लागते. येथे ते अचूक बसले आहेत. शाफ्ट कापून नुसता टोकाला टोक जोडून वेल्ड केलेला नाही. लेथवर काढलेली स्प्लाइनची (उभ्या खाचांची) बाही आणि आरपार बोल्ट, अशी जोडणी आहे. स्टिअरिंगच्या शाफ्टवरचे वेल्डिंग तुटले तर काय होईल, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

सुरक्षेच्या दृष्टीनेही हा बदल मला पटतो. पद्मिनीचा मूळ शाफ्ट सरळ आणि न दबणारा आहे. समोरून धडक बसली की बॉक्स मागे येतो आणि शाफ्ट चालकाच्या छातीकडे सरकतो. जनरल मोटर्सने १९६७ च्या मॉडेलांत दबणारा कॉलम दिला आणि अमेरिकेत १९६८ पासून तो नियमच झाला, पण आपली पद्मिनी त्याआधीच्या आराखड्यावरच राहिली. नव्या कॉलममधील दबणारा भाग आणि ब्रॅकेटचे (कॉलम धरून ठेवणाऱ्या पट्टीचे) धडकेत सुटणारे जोड या गॅरेजने वेल्ड करून निकामी केले नाहीत, हे मी स्वतः खाली वाकून पाहिले.

विजेचे काम मात्र सामान्य झाले. उभ्या गाडीत चाक पूर्ण वळवताना मोटार क्षणभर तीस-चाळीस अँपिअर ओढू शकते. त्यासाठी बॅटरीपासून स्वतंत्र जाड तार आणि फ्यूज हवा. तो दिला आहे, पण अर्थची तार (बॉडीला जोडायची तार) उघड्या धातूऐवजी रंगाच्या थरावरच कसली होती आणि ती पुन्हा करून घ्यावी लागली. जुन्या पद्धतीचा, कमी वीज देणारा डायनॅमो असलेल्या गाडीला आधी अल्टरनेटर बसवणेच शहाणपणाचे ठरेल. दुसरी उणीव अधिक जाणवते. गाडीच्या वेगाची माहिती मोटारीच्या कंट्रोलरला मिळत नसल्यामुळे मोटारीची मदत सर्व वेगांत सारखीच राहते. गल्लीत एका हाताने वळणारे चाक महामार्गावर नको तितके हलके लागते, आणि वळणानंतर ते पूर्वीसारखे आपोआप सरळही होत नाही. मदत कमी करण्याची खुंटी डॅशबोर्डखाली लपवली आहे; ती हाताशी असायला हवी होती.

खर्च ५५,००० रुपयांच्या आसपास आला. माझ्या मते तो जॉइंट आणि ब्रॅकेटच्या कामासाठी योग्य आहे, वायरिंगसाठी नव्हे. पन्नास वर्षे पूर्ण झालेली गाडी २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवू इच्छिणाऱ्यांनी आधी आरटीओकडे विचारणा करावी. त्या नियमांत चॅसिस, बॉडी शेल आणि इंजिन यांतील बदलांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि शिवाय गाडीतील बदलांविषयीचे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहेच. येथे ब्रॅकेट मूळ छिद्रांवरच बोल्टने बसवला असून, जुना कॉलम गॅरेजने ग्रीस लावून, गुंडाळून परत दिला आहे.