एकच मंडळी, फिरती उपासना की मोबाइलचा पडदा?

रविवारचा प्रश्न हल्ली तीन प्रकारे सुटतो. एका स्थानिक मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नाव नोंदवायचं आणि तिथलंच होऊन राहायचं. किंवा नाव कुठेच न नोंदवता, मन घेईल त्या मंडळीत जाऊन उपासनेला बसायचं. किंवा घरीच मोबाइल उघडून एखाद्या मोठ्या मंडळीची उपासना पाहायची. तिन्ही प्रकार मी केले आहेत आणि सध्या पहिल्यात आहे. त्यामुळे माझा काटा किंचित एका बाजूला झुकलेला असणार, हे धरूनच वाचा. उपासनेच्या वेळा, गाड्या लावायची सोय, आवाजाची व्यवस्था या गोष्टी ज्याच्या त्याला एका भेटीत कळतात, त्यात शिरत नाही.

स्थानिक मंडळी जिथे सरळ हरते, ते आधी सांगून टाकतो. प्रवचन. एकाच पाळकांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, वर्षानुवर्षं ऐकायचं म्हणजे त्यांचे आवडते उतारे पाठ होतात, उदाहरणाच्या पहिल्या वाक्यावरून शेवट कळतो आणि ‘आता शेवटचा मुद्दा’ या शब्दांवरचा विश्वास उडतो. पडद्यावर मात्र चांगल्यातले चांगले वक्ते हाताशी असतात, आणि कंटाळा आला तर बोटाच्या एका टोकाने त्यांना गप्प करता येतं. गायनाचं तेच. सूर सोडून गाणारे कुठे नसतात? पण पडद्यावरच्या मंडळीत त्यांच्यासमोर माइक नसतो.

फिरतीचाही एक फायदा मी मुळीच कमी लेखत नाही. एका ठिकाणी छापील क्रमाने चालणारी उपासना, दुसरीकडे मोकळी प्रार्थना. एकीकडे तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा, दुसरीकडे विश्वास कबूल केलेल्या मोठ्या माणसालाच पाण्यात नेणारे. हे सगळं जवळून पाहिलं की आपलीच पद्धत तेवढी शास्त्राला धरून आहे, ही समजूत सैल होते. आयुष्यभर एकाच बाकावर बसलेल्यांना कधीकधी याची गरज असते, असं माझं नम्र मत आहे.

पडद्याला नावं ठेवताना लोक त्याला आजचं खूळ समजतात. तसं ते नाही. 2 जानेवारी 1921 रोजी अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने कॅल्व्हरी एपिस्कोपल चर्चची उपासना रेडिओवरून ऐकवली, म्हणजे घरबसल्या उपासनेला शंभर वर्षं उलटून गेली आहेत. अंथरुणाला खिळलेली माणसं, रविवारीही कामावर जावं लागणारी माणसं, जिथे उघडपणे एकत्र जमणंच धोक्याचं आहे अशा ठिकाणची माणसं यांच्यासाठी तो मोठा आधार आहे. त्यांच्यापुढे निवड नसते, त्यामुळे पुढचं काही त्यांना उद्देशून नाही. ज्याचे पाय धड आहेत आणि रविवारची सकाळ मोकळी आहे, त्याच्याशी मी बोलतो आहे.

माझा निर्णय प्रवचनावर झाला नाही, शिकवणुकीच्या बारकाव्यांवरही नाही. तो एका बारीकशा कटकटीवर झाला: प्रार्थनेची विनंती.

फिरत होतो तेव्हा घरात एक लांबलेलं आजारपण होतं. उपासना संपली की कुणीतरी प्रेमाने हात मिळवायचं, नाव विचारायचं आणि म्हणायचं, ‘काही प्रार्थनेचा विषय आहे का?’ मी सांगायचो. आजार कोणता, तो कधी लक्षात आला, डॉक्टरांचं काय म्हणणं, शस्त्रक्रियेबद्दल घरात दोन मतं कशी. समोरचा माणूस तिथल्या तिथे डोळे मिटून प्रार्थना करायचा, आणि ती मनापासून असायची. त्यात खोट काढायला जागा नव्हती. पण पुढच्या रविवारी मी दुसरीकडे. पुन्हा हात, पुन्हा नाव, पुन्हा ‘काही विषय आहे का?’ आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. दर वेळी कथेचा पहिलाच भाग. मधल्या काळात तपासणीचे निकाल आले, औषध बदललं, घरातली दोन मतं एक झाली. हे ऐकण्यासाठी पहिला भाग माहीत असलेला माणूस लागतो, आणि तो माझ्याकडे नव्हता.

मग मी विनंती छोटी केली. ‘घरच्यांच्या तब्येतीसाठी प्रार्थना करा.’ सांगायला सोपी, ऐकायला सोपी, आणि इतकी गुळगुळीत की ती कुणाच्याही घरची असू शकत होती. पडद्यावर तर त्याहून सुटसुटीत काम होतं. बाजूला धावणाऱ्या संदेशांत विनंती टाकली की जोडलेल्या हातांची चिन्हं भराभर यायची आणि पाचसहा ओळींनंतर माझी ओळ वर सरकून दिसेनाशी व्हायची. ज्यांनी ती चिन्हं पाठवली त्यांनी खरोखर प्रार्थना केली असेल. मी शंका घेत नाही. पण ‘मग काय झालं?’ असं कुणी विचारलं नाही आणि विचारण्याची सोयही नव्हती.

सगळ्यात जास्त टोचलं ते वेगळंच. दुखणं बरं झालं, आणि ते सांगायचं कुणाला हे कळेना. इतक्या जणांनी प्रार्थना केली होती, पण ते इतक्या ठिकाणी विखुरले होते की त्यांच्यापैकी एकालाही उत्तर मिळाल्याचं कळलं नसणार. साक्ष देण्यासाठी, म्हणजे देवाने काय केलं ते सर्वांसमोर सांगण्यासाठी, एखाद्या मंडळीत उभं राहिलो असतो, तरी समोरच्यांना ती कुण्या पाहुण्याची गोष्ट वाटली असती.

आता ज्या मंडळीत आहे तिथे एक वयस्कर बाई आहेत. त्या ‘कसे आहात’ म्हणायच्या आधी ‘रिपोर्ट आले का?’ विचारतात. दारात विचारतात, चार लोकांसमोर विचारतात, आपल्याला बोलायचं नसेल तेव्हा तर हमखास विचारतात. याचा त्रास होतो, हे कबूल करायला हवं. खाजगीपणाची ज्याला फार चाड आहे त्याला स्थानिक मंडळी जड जाईल. पण दोन त्रासांतून एक निवडायचा तर मी हा निवडतो.

‘पण पौलसुद्धा फिरतच होता की,’ असं, सुरुवातीच्या काळात गावोगाव ख्रिस्ताचा संदेश नेणाऱ्या प्रेषित पौलाचा दाखला देत, फिरतीच्या बाजूने कधीकधी म्हटलं जातं. मलाही हा मुद्दा बरेच दिवस बिनतोड वाटत असे. बायबलच्या नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात मात्र तेरावा आणि चौदावा अध्याय सलग वाचला की चित्र जरा बदलतं. सिरियातल्या अंत्युखियाच्या मंडळीने उपास आणि प्रार्थना करून, हात ठेवून, पौल आणि बर्णबाला पाठवलं. ते सायप्रसला गेले, पुढे पिसिदियाच्या बाजूला गेले, लुस्त्रात पौलाने दगडांचा मार खाल्ला. आणि फेरी संपल्यावर दोघे परत त्याच अंत्युखियात आले, मंडळीला एकत्र जमवलं आणि देवाने काय काय केलं ते सांगितलं. ज्यांनी पाठवताना प्रार्थना केली होती त्यांनीच निकाल ऐकला. एवढा फिरलेला माणूस, पण त्याची कुठेतरी हजेरी होती.

हजेरीचा विषय निघाला म्हणून जस्टिन हुतात्मा या दुसऱ्या शतकातल्या ख्रिस्ती लेखकाची एक नोंद सांगतो, मला ती फार आवडते. इसवी सन 155 च्या सुमारास त्याने रोमचा सम्राट अँटोनायनस पायस याला ख्रिस्ती लोकांच्या बाजूने एक निवेदन लिहिलं. त्यात रविवारच्या सभेचं वर्णन आहे: वाचन, बोध, प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस. आणि मग एक वाक्य येतं की जे हजर नसतील त्यांचा वाटा डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, त्यांच्याकडे घेऊन जातात. म्हणजे कोण आलेलं नाही आणि ते कुठे राहतं, हे कुणाला तरी ठाऊक असायचं. पडद्यावर मी एखादा महिना दिसलो नाही तर पाहणाऱ्यांचा आकडा एकाने कमी होतो, त्यापलीकडे काही नाही. फिरतीत तेवढंही होत नाही.

प्रभुभोजनाच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीने भाकर आणि द्राक्षारस एकत्र घेण्याच्या, बाबतीत पडद्याची अडचण मला सर्वांत मोठी वाटते, तुम्हाला कदाचित वाटणार नाही. काही मंडळ्या घरी आपली भाकर आणि रस तयार ठेवून सोबत घ्यायला सांगतात, आणि कठीण काळात अनेकांनी श्रद्धेने तसं केलं. पण पौल करिंथ शहरातल्या मंडळीवर चिडला होता तो नेमका यावरून, की काही जण आपलं आपलं आधी खाऊन घेत आणि बाकीचे उपाशी राहत. जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा, असं त्याने लिहिलं. घरी एकट्याने कुणाची वाट पाहायची? अर्पणाबद्दल फार लिहीत नाही. तिन्हीकडे पैसे देता येतात. फरक इतकाच की हिशेब वाचून दाखवला जातो त्या सभेत उभं राहून प्रश्न विचारण्याचा हक्क एकाच ठिकाणी मिळतो.

आता स्थानिक मंडळीविरुद्धचा सगळ्यात वजनदार आक्षेप: भांडणं. गट असतात. जुनी घराणी असतात. गायकवृंदात कोण कुठे उभं राहणार यावरून अबोला धरलेली माणसं मी पाहिली आहेत. हे टाळायला म्हणून कुणी फिरत राहिलं, तर मला ते समजू शकतं. फिरत होतो तेव्हा माझंही कुणाशी भांडण नव्हतं. भांडायला आधी ओळख लागते.

फिलिप्पैच्या मंडळीत युवदीया आणि सुंतुखे या दोघींचं बिनसलं होतं. पौल दोघींची नावं घेऊन त्यांना एकमताने राहायची विनंती करतो आणि आपल्या एका सहकाऱ्याला त्यांना मदत करायला सांगतो. एकीने दुसऱ्या मंडळीत जावं असं तो सुचवत नाही. खरं तर जायला जवळपास दुसरी मंडळी नसेलही, तेव्हा या उदाहरणाला फार ताणू नये. आज जायला जागा भरपूर आहे. पण जागा असली की मिटवण्याची निकड जाते, हे मी स्वतःच्या वागण्यावरून सांगू शकतो. अपराध करणाऱ्या भावाशी आधी एकट्याने बोला, मग एकदोघांना सोबत घ्या, मग मंडळीला सांगा, हा मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या अठराव्या अध्यायातला क्रम पडद्यासमोर बसून पाळायचा कसा, ते कुणी मला समजावून सांगावं. शिवाय ही गोष्ट दोन्ही बाजूंनी आहे. नव्या करारातल्या ‘इब्री लोकांस पत्र’ या पुस्तकात म्हटलं आहे की पुढारी तुमच्या जिवांची राखण करतात आणि त्यांना त्याचा हिशेब द्यायचा आहे. पडद्यावरचे वक्ते कितीही भले असोत, ते माझा हिशेब कसा देणार? मी आहे हेच त्यांना माहीत नाही.

याचा अर्थ नाव नोंदवलं की काहीही झालं तरी तिथेच राहायचं, असा कुणी घेऊ नये. ख्रिस्ताविषयी भलतंच शिकवलं जात असेल, पैशाचा हिशेब मागणं हेच पाप ठरत असेल, पुढाऱ्याला विचारणारं कुणी नसेल, तर निघावं. लेकरांवर किंवा कुणावर अत्याचार झाला आणि तो मंडळीच्या अब्रूसाठी दाबला जात असेल, तर आधी पोलिसांकडे जावं. ‘क्षमा करा’ हे उत्तर तिथे चालत नाही. ‘निष्ठा’ हा शब्द अशा जागी फार वापरला जातो, म्हणून हे स्पष्ट लिहिलं. गाणी जुनी आहेत, प्रवचन लांबतं, मला कुणी ओळखत नाही, या तक्रारी मात्र निराळ्या. त्यांना नाताळपासून पुढच्या नाताळापर्यंतचं एक वर्ष तरी द्यावं असं मला वाटतं.

‘मला कुणी ओळखत नाही’ यावर एक उपाय माझ्यापुरता चालला. नाव नोंदवण्याआधीच एखादं नियमित, बिनमानाचं काम मागून घ्यायचं. खुर्च्या लावणं, संडेस्कूलला मदत, आजाऱ्यांना भेटायला जाणाऱ्यांबरोबर जाणं. काम अंगावर असलं की तुम्ही नसताना ते अडतं, आणि अडलं की फोन येतो. ज्या मंडळीत असं काम नव्या माणसाला द्यायलाच तयार नसतात, तिच्याबद्दल मी थोडा विचार करीन.

तीनांपैकी एकच घ्यायला हवं असंही नाही. मी आठवड्यात प्रवासात पडद्यावरची प्रवचनं ऐकतो आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. वर्षातून एखाद्या रविवारी दुसऱ्या मंडळीत पाहुणा म्हणूनही जातो. आल्यावर ‘कुठे होतात?’ याला उत्तर द्यावं लागतं, एवढंच.

शेवटी दोन मंडळ्या तुल्यबळ वाटल्या, तर घराजवळची निवडा. आजारपणं आणि अंत्यविधी रविवार पाहून येत नाहीत, आणि अशा वेळी पंधरा मिनिटांत पोहोचू शकणारी माणसं लागतात. तिथलं प्रवचन थोडं फिकं असलं तर ते मोबाइलवर भरून काढता येतं.